होडीचे पाणी, माशाचे पाणी

१. मे महिन्यात भातसेला पाणी कोठून येते?

पडघ्याहून खडवलीकडे जाणारा रस्ता भातसा नदी ओलांडतो. मे महिन्यात या पुलावरून पहिल्यांदा जाणाऱ्याला एक प्रश्न हमखास पडतो. आजूबाजूचे ओढे होळीच्या आधीच आटले, विहिरींनी तळ गाठला, वरच्या शहापूर तालुक्यात पाड्यापाड्यांवर टँकर फिरू लागले. मग या एका नदीला एवढे वाहते पाणी कसे? लगेच दुसरा प्रश्न येतो. पाणी आहेच, तर रायगड जिल्ह्यातल्या कोलाडला चालतात तशा होड्या इथे का चालू नयेत?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सह्याद्रीच्या पायथ्याशी सापडते. भातसा थळ घाटाच्या, म्हणजे कसारा घाटाच्या परिसरात उगम पावते. हा सगळा मुलूख काळ्या बेसॉल्ट खडकाचा आहे. पाऊस भरपूर पडतो, पण बहुतेक चार महिन्यांतच पडतो; आणि सलग, कमी भेगांचा बेसॉल्ट पाणी फारसे पोटात धरून ठेवत नाही. त्यामुळे कोकणातल्या नद्या जुलैत दुथडी भरतात आणि उन्हाळ्यात खडकांतल्या डोहांपुरत्या उरतात. भातसाही मुळात अशीच नदी होती. तिला बारमाही केले ते शहापूरजवळच्या भातसा धरणाने. सुमारे ८८ मीटर उंचीचे हे धरण १९८३ मध्ये पुरे झाले.

२. धरणापासून नळापर्यंत

मुंबईला सात जलाशयांतून पाणी मिळते: अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा, मोडक सागर, तानसा, भातसा, विहार आणि तुळशी. सातही काठोकाठ भरले की त्यांत १४ लाख ४७ हजार ३६३ दशलक्ष लिटर वापरण्याजोगे पाणी असते. त्यातले ७ लाख १७ हजार ३७ दशलक्ष लिटर एकट्या भातसेत असते, म्हणजे जवळजवळ निम्मे. धरण राज्याच्या जलसंपदा विभागाचे आहे, पाण्याचा मोठा ग्राहक मुंबई महानगरपालिका आहे.

तानसाचे पाणी जलवाहिन्यांतून शहराकडे जाते. भातसेचे तसे नाही. धरणातून सोडलेले पाणी नदीच्याच पात्रातून वाहत वासिंद, खडवली करत भिवंडी तालुक्यातल्या पिसे येथे पोचते. तिथे बंधारा घालून ते अडवले आहे. बंधाऱ्याच्या फुगवट्यातून ते पंपाने उचलायचे, पांजरापूरच्या केंद्रात शुद्ध करायचे आणि तेथून मुंबईकडे पाठवायचे, अशी ही व्यवस्था आहे. पडघ्याच्या परिसरातली मे महिन्यातली भातसा म्हणजे धरण आणि पंप यांच्यामधला वाटेवरचा टप्पा. ही व्यवस्था किती नाजूक आहे ते मार्च २०२४ मध्ये दिसले. पिसे बंधाऱ्याच्या दारांमधला एक रबरी फुगा बिघडला, साठवलेले पाणी वाहून गेले आणि मुंबईत १५ टक्के पाणीकपात करावी लागली.

या पाण्याचा वेग किती असेल, हे साध्या हिशेबाने काढता येते. मुंबईसाठी दिवसाला सुमारे २,००० दशलक्ष लिटर पाणी नदीतून येते असे धरू. हजार लिटर म्हणजे एक घनमीटर, तेव्हा हे २० लाख घनमीटर झाले. दिवसाचे सेकंद ८६,४००. भागाकार केला की दर सेकंदाला सुमारे २३ घनमीटर येतात.

आता पात्र ३० मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल आहे असे समजू. रुंदीला खोलीने गुणून ४५ चौरस मीटर होतात. २३ ला ४५ ने भागले की वेग येतो सेकंदाला अर्धा मीटर, म्हणजे ताशी दोन किलोमीटरांहून थोडा कमी. काठावरून चालणारे लहान मूलही त्याच्यापुढे जाईल. पण तेच पाणी दोन खडकांमधून १० मीटर रुंद आणि एक मीटर खोल घळीत शिरले, तर वेग होतो सेकंदाला २.३ मीटर, ताशी आठ किलोमीटरांच्या वर. वाहत्या पाण्याचा रेटा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. वेग साडेचार पट झाला तर रेटा वीस पट होतो. वर शांत दिसलेली नदी पन्नास पावलांवर माणसाचे पाय उचलते ती अशी. खडवलीच्या काठावर सहलीला आलेली, पोहता येणारी तरणीताठी मुले बुडतात, याचे एक मोठे कारण या हिशेबात आहे. दुसरे असे की पाणी कधी आणि किती सोडायचे हे दूरवरच्या धरणावर ठरते. काठावर आभाळ निरभ्र असते, आणि पाणी चढत असते.

३. पाणी वाचणे

आता दुसरा प्रश्न, होड्यांचा. कॅनो आणि कयाक या दोन्ही अरुंद, हलक्या, वल्ह्याने चालवायच्या होड्या. कॅनोत गुडघ्यावर किंवा आडव्या फळीवर बसतात आणि एकाच पात्याचे वल्हे मारतात. कयाकमध्ये पाय पुढे पसरून बसतात आणि दोन्ही टोकांना पाते असलेले वल्हे वापरतात. कोलाडला पर्यटक ज्यात बसतात तो राफ्ट, म्हणजे हवा भरलेला रबरी तराफा. संथ पाण्यात सामान घेऊन दिवसभर जायचे तर कॅनो बरी. तिला फार पाणी लागत नाही. वीतभर खोलीवरूनही ती निघून जाते.

कोणत्याही होडीत बसण्याआधी पाणी वाचता यावे लागते. दोन खडकांमधून पाणी खाली उतरते तेव्हा पृष्ठभागावर गुळगुळीत पट्टा दिसतो. निमुळता होत त्याचे टोक प्रवाहाच्या दिशेने गेले, तर मधली वाट मोकळी आहे. टोक उलटे, वरच्या अंगाला असेल, तर त्या टोकाशी पाण्याखाली खडक आहे. मोठ्या खडकाच्या मागे पाणी मागे फिरते. तिथे होडीला थांबता येते. काठावरचे झाड आडवे पडून फांद्या पाण्यात असतील तर ती जागा सर्वांत वाईट, कारण पाणी फांद्यांतून निघून जाते आणि माणूस अडकतो. नद्यांच्या अवघडपणाची एक आंतरराष्ट्रीय प्रतवारी आहे. पहिल्या प्रतीत हलक्या लाटा असतात. सहाव्या प्रतीत शिरणे म्हणजे जिवावर उदार होणे.

या सगळ्यात कमी ओळखला जाणारा धोका म्हणजे ठेंगणा बंधारा. पुरुषभर उंचीचा बंधारा, वरून एकसारखी पडणारी पाण्याची चादर, खाली थोडासा फेस. बघणाऱ्याला तो निरुपद्रवी वाटतो, म्हणून लोक त्याच्या पायथ्याशी अंघोळीला उतरतात. पडणारे पाणी तळाशी जाते, पुढे सरकते, वर येते आणि त्यातले पृष्ठभागावरचे पाणी पुन्हा बंधाऱ्याकडे ओढले जाते. फेसाची जी रेषा बंधाऱ्यापासून काही हात पुढे दिसते, तिच्या अलीकडचे पाणी मागे वाहत असते. तिथे सापडलेली वस्तू जात्यात पडलेल्या दाण्यासारखी फिरत राहते. खडकाच्या नैसर्गिक धबधब्यात कडेने कुठेतरी वाट असते. बंधारा काठापासून काठापर्यंत सरळ बांधलेला, म्हणून त्याला वाटच नसते. जाणते नावाडी अशा ठिकाणी खूप आधी काठाला लागतात, होडी खांद्यावर घेतात आणि बंधारा चालत पार करतात.

४. घड्याळाची नदी आणि पावसाची नदी

रायगड जिल्ह्यातली कुंडलिका हे महाराष्ट्रातल्या होडीच्या खेळाचे सर्वांत परिचित ठिकाण. कोलाडजवळ सुमारे बारा किलोमीटरांच्या पट्ट्यात राफ्ट चालतात. पाणी दुसऱ्या-तिसऱ्या प्रतीचे. तिथे जाणाऱ्या बहुतेकांना ठाऊक नसते की हे पाणी मुळात कुंडलिकेचे नाही. ते घाटावरच्या मुळा नदीचे आहे. मुळशीला मुळेवर धरण बांधून तिचे पाणी पश्चिमेला वळवले आणि सुमारे ५०० मीटर खाली भिरा येथे वीज करण्यासाठी आणले. भिऱ्याचे वीजकेंद्र १९२७ पासून चालू आहे. मुळशीच्या याच धरणात जमिनी गेलेल्या मावळ्यांनी १९२१ मध्ये मुळशी सत्याग्रह केला आणि सेनापती बापट त्याचे नेते झाले. वीज करून सुटलेले पाणी कुंडलिकेत येते, म्हणून मे महिन्यातही राफ्ट चालतात. पाणी सुटण्याची वेळ ठरलेली, म्हणून होड्यांचीही वेळ ठरलेली. वीजनिर्मिती थांबली की लाटा थांबतात.

गोव्यातली म्हादई याच्या उलट. वाळपईजवळ तिच्यावरचे राफ्टिंग जून ते सप्टेंबर या पावसाळ्याच्या महिन्यांतच होते, कारण तिच्या लाटा पावसाच्या असतात. वरच्या खोऱ्यातला मोठा भाग १९९९ मध्ये म्हादई अभयारण्य म्हणून घोषित झाला. त्याच म्हादईच्या पाण्यावर गोवा, कर्नाटक आणि महाराष्ट्र यांचा तंटा आहे. त्यासाठी नेमलेल्या लवादाने २०१८ मध्ये कर्नाटकाला १३.४२ अब्ज घनफूट (टीएमसी) पाणी दिले, आणि वाद तरीही मिटला नाही.

भातसा कुंडलिकेच्या जातीची, घड्याळाची नदी. ही तुलना महत्त्वाची आहे, कारण होडीवाल्याला घड्याळाची नदी सोयीची वाटते. पाणी नक्की असते, पातळी माहीत असते, उन्हाळी सुट्टीतही धंदा होतो. पण एखाद्या नदीत होडी तरंगते एवढ्यावरून ती सुखरूप आहे असे ठरत नाही. ते ठरवायला होडीखालच्या पाण्यात काय जगते हे पाहावे लागते.

५. होडीला काय लागते, माशाला काय लागते

बऱ्याच गोष्टी दोघांना सारख्याच लागतात. खोली लागते, प्रवाह लागतो, स्वच्छ पाणी लागते, जलपर्णी नसलेला पृष्ठभाग लागतो. म्हणून वल्हे मारणारा माणूस नदीचा स्वाभाविक मित्र असतो. तरीही चार ठिकाणी दोघांच्या वाटा वेगळ्या होतात, आणि संवर्धनाचे खरे काम त्या चार ठिकाणी आहे.

पहिले ठिकाण बंधाऱ्याचे. होडी खांद्यावर घेऊन बंधारा ओलांडता येतो, मासा तिथेच थांबतो. मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला की अनेक मासे अंडी घालायला प्रवाहाच्या उलट, वरच्या ओढ्यांकडे निघतात. हे चढणीचे मासे. ठाणे-रायगडकडे त्यांना वलगणीचे म्हणतात. रात्री बत्ती घेऊन ते पकडण्याची जुनी हौस आहे. त्यांतल्या माद्या पोटात अंडी घेऊन चाललेल्या असतात, म्हणजे एक मादी धरली की पुढच्या वर्षीचे शेकडो मासे गेले. त्यातून वाचलेल्या माशाला पुढे बंधारा आणि त्याच्याही वर धरण लागते. माशांसाठी बंधाऱ्याला कडेने उतरत्या पायऱ्यांची वाट ठेवता येते. जगात अनेक देशांत ती ठेवतात, महाराष्ट्रात ती क्वचितच दिसते.

दुसरे ठिकाण प्रवाहाच्या तालाचे. माशाला बारा महिने सारखे पाणी नको असते. पहिल्या पुराने त्याला निघण्याची खूण मिळते, श्रावणातल्या ओसरत्या पाण्यात पिल्ले वाढतात, उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर डोहात मोठे मासे टिकतात. धरण पहिल्या पावसाचे पाणी पोटात घेते, कारण जलाशय भरायचा असतो. मग जूनमध्ये, पूर यायला हवा तेव्हा, तो येत नाही. आणि जलाशय भरल्यावर दारे उघडली की एकदम येतो. उन्हाळ्यात उथळ व्हायला हवे तिथे पाणी भरलेले राहते. नदीला केव्हा किती पाणी हवे याच्या हिशेबाला तज्ज्ञ पर्यावरणीय प्रवाह म्हणतात. केंद्र सरकारने २०१८ मध्ये गंगेच्या वरच्या पट्ट्यासाठी असे किमान प्रवाह अधिसूचनेने ठरवून दिले. सह्याद्रीतल्या नद्यांना तसे काही मिळालेले नाही, आणि ही उणीव मोठी आहे.

तिसरे ठिकाण तळाचे. होडीला तळाशी काय आहे याच्याशी कर्तव्य नसते. महसीरसारखा मासा मात्र गोट्यांच्या, खेळत्या पाण्याच्या तळावर अंडी घालतो. धरण गाळ आणि गोटे अडवते. खाली येणारे नितळ पाणी मग तळातली आहे तीही माती-वाळू खरवडत नेते. त्यात पंप लावून रेती उपसली की तळ आणखी खचतो. पृष्ठभागावरून नदी तशीच सुंदर दिसते.

चौथे ठिकाण काठाचे. पात्रातल्या खडकांत शेरणीची लवचीक झुडपे असतात. पुरात ती आडवी होतात आणि पाणी ओसरल्यावर पुन्हा उभी राहतात. वर काठाला करंज, उंबर, जांभूळ. त्यांच्या मुळांनी काठ धरला जातो, सावलीने पाणी थंड राहते, पडलेली फळे माशांच्या आणि कासवांच्या पोटात जातात. मातीच्या उभ्या काठात खंड्या बीळ करतो, गोट्यांच्या पट्टीवर टिटवी उघड्यावर अंडी घालते. सहलीची जागा करायची म्हटले की सर्वांत आधी झुडपे निघतात, काठ सिमेंटने बांधला जातो आणि गोट्यांवर गाड्या उभ्या राहतात. होडीला चढउतार सोपा होतो, पण बाकी सगळ्यांचे घर जाते.

६. देवाचे मासे

नदीचा तुकडा राखण्याची रीत या भागाला नवी नाही. वाडा तालुक्यातल्या तिळसे येथे वैतरणा नदीच्या पात्रात शंकराचे देऊळ आहे. देवळाजवळच्या डोहातले महसीर देवाचे मानले जातात. त्यांना कोणी पकडत नाही, भाविक त्यांना खाऊ घालतात. दाणे पाण्यावर पडताच काळपट पाठी एकमेकींवर चढतात, रुंद ओठांची तोंडे उघडतात आणि क्षणभरात पाणी पुन्हा मिटते. मोठ्या खवल्यांचा हा मासा इतक्या जवळून पाहायला मिळणाऱ्या जागा महाराष्ट्रात मोजक्याच आहेत. महाडजवळची वाळण कोंड ही त्यांतलीच एक. तिथेही डोह राखला तो आसपासच्या गावांनी.

या जागांचे बलस्थान आणि मर्यादा दोन्ही स्पष्ट आहेत. गावाने मानले म्हणून पहारेकऱ्याशिवाय मासे टिकले. पण गाव डोह राखू शकते, डोहात येणारे पाणी राखू शकत नाही. वर धरण झाले, सांडपाणी आले किंवा कोणी स्फोटके लावून मासेमारी केली, तर श्रद्धेची हद्द तिथे संपते. तिथून पुढे कायदा लागतो.

७. कायदा काय राखतो?

अमेरिकेने २ ऑक्टोबर १९६८ रोजी रानवट आणि निसर्गरम्य नद्यांसाठी स्वतंत्र कायदा केला आणि सुरुवातीला आठ नद्या त्यात घेतल्या. यादीत आलेल्या पट्ट्यावर नवे धरण बांधता येत नाही. आर्कान्सास राज्यातल्या बफेलो नदीची गोष्ट होडीवाल्यांच्या दृष्टीने जास्त बोलकी आहे. तिच्यावर धरणे प्रस्तावित होती. १९६२ मध्ये स्थानिक निसर्गप्रेमींनी ओझार्क सोसायटी स्थापन केली. तिचे सभासद लोकांना कॅनोतून नदी दाखवत. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनीही त्याच वर्षी ही नदी कॅनोतून पाहिली. दहा वर्षांनी, १९७२ मध्ये, बफेलो राष्ट्रीय नदी झाली आणि धरणांचा विषय संपला.

भारतात नदीच्या प्रवाहाला असे संरक्षण देणारा कायदा नाही. १९७४ चा जल कायदा प्रदूषणापुरता आहे. अभयारण्यातून वाहणाऱ्या नदीला वन्यजीव संरक्षण कायद्याचा आडोसा मिळतो, तेवढाच. महाराष्ट्राने २००० मध्ये नदी नियमन क्षेत्र धोरण आणले होते. नदीपासून किती अंतरावर कोणता उद्योग असावा हे त्यात ठरवले होते. २०१५ मध्ये राज्य सरकारने ते रद्द केले. तीनच वर्षांनी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली. त्यातले ५३ महाराष्ट्रातले, कोणत्याही राज्यापेक्षा जास्त. भातसेचे पाणी शेवटी ज्या उल्हास नदीत जाते तिचाही पट्टा त्या यादीत होता. रद्द केलेले धोरण सुधारून परत आणणे हा यावरचा सरळ उपाय आहे, आणि त्याला नवे संशोधन लागत नाही.

८. भातसेवर होडी चालवायची झाली तर

सर्वांत आधी परवानगी. पाणी पिण्याचे आहे आणि ते जलसंपदा विभागाच्या ताब्यात आहे. पिसे बंधाऱ्याजवळचा फुगवटा, जिथून पंप पाणी ओढतात, तो होडीसाठी पूर्णपणे वर्ज्य. पंपांच्या तोंडाशी पृष्ठभाग स्तब्ध असतो आणि ओढ खाली असते, त्यामुळे धोका दिसत नाही. पात्रातले बाकीचे बंधारे आदल्या दिवशी काठाने चालत पाहून ठेवावे लागतात.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा. पावसाळ्यात धरणाची दारे उघडू शकतात आणि प्रशासन काठावर जाण्यास मनाई करते. ती पाळण्यात प्रत्येकाचे हित आहे. मार्चपासून टिटवी आणि तिच्यासारखे पक्षी गोट्यांवर अंडी घालतात, तेव्हा त्या पट्ट्यांवर होडी ओढू नये. अंगावर लाइफ जॅकेट सतत, पोहता येत असले तरी. एकट्याने जायचे नाही. धरणातून पाणी केव्हा सुटणार याची चौकशी निघण्यापूर्वी करायची आणि वाटेत पाण्यातल्या एखाद्या खडकावर पातळीची खूण धरून ती चढते का, यावर नजर ठेवायची. एका नदीतला कचरा दुसऱ्या नदीत जाऊ नये म्हणून होडी उचलल्यावर धुऊन वाळवायची; जलपर्णीच्या एका तुकड्यापासून पुढे अख्खा डोह झाकला जातो.

होडीवाल्याचा नदीला सर्वांत मोठा उपयोग नोंदीचा. रस्त्यावरून नदी फक्त पुलापाशी दिसते. दोन पुलांमधले सगळे काठ होडीतूनच दिसतात. सांडपाण्याचा नाला कुठे मिळतो, रेतीचे पंप कुठे लागतात, कोणत्या डोहात उन्हाळ्यातही मोठे मासे आहेत, खंड्याच्या बिळांचे काठ कोणते, जलपर्णी या वर्षी किती वर सरकली, हे तारीख आणि जागेसह लिहिलेले असले तर ग्रामपंचायतीला, प्रदूषण नियंत्रण मंडळाला आणि न्यायालयाला ते वापरता येते. खडवलीपासून पिसे बंधाऱ्याच्या फुगवट्याआधीपर्यंतच्या पट्ट्याची अशी नोंद गावातल्या दहा-बारा तरुणांना हिवाळ्याच्या काही रविवारी करता येईल. पिसे बंधाऱ्याच्या खालचा भाग होडीने होत नाही. तिथे पंपांनी उचलून उरलेले पाणीच पात्रात असते, म्हणून काळू नदीच्या संगमापर्यंतची नोंद काठाने चालतच घ्यावी लागते.